गिनती

प्रबंधाच्या पहिल्याच पानावर
सरांनी लाल पेनानं विचारलंय :
'शिक्षा' या शब्दाची व्याख्या कुठे आहे?

हिंदीच्या तासाला जोंधळे मास्तर सांगायचे,
तिकडं शिक्षा म्हणजे शिक्षण.
अख्खा वर्ग हसायचा,
छडी त्यांच्याच हातात असायची.

पण व्याख्या म्हणाल तर
ती परभणीला, जेलच्या क्वार्टरमध्ये,
हातपंपाकडून तिसऱ्या दारात राहायची.
सहाला घंटा व्हायची
आणि भिंतीआडून अण्णांचा आवाज यायचा :
एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी…
आई तवा उतरवून थांबायची.
गिनती जुळली की दुसरी घंटा.
नाही जुळली तर कुणी जेवायचं नाही,
आतही आणि बाहेरही.

एकदा एक जण कमी भरला.
साडेअकरापर्यंत आम्ही
टोपल्यातल्या भाकरीकडं बघत बसलो.
तो पळाला नव्हता.
संडासामागं बसला होता, हातात घरून आलेलं पत्र.
वाचता येत नव्हतं
आणि वाचून दाखवणारा वॉर्डर सुटीवर.
अण्णांनी त्याला मारलं
की पत्र वाचून दाखवलं,
हे मी बावीस वर्षं विचारलं नाही.

आता माझ्या प्रश्नावलीत अठ्ठावन्न प्रश्न आहेत.
भिंत तीच. फक्त मी दारातून आत येते,
मोबाईल जमा करून, वहीत सही करून.
उमऱ्या काळे समोर बसलाय.
प्रश्न चौदा : आपण कच्चे कैदी की पक्के?
"कच्चाच की, ताई. चार वरीस झालं.
आढीतला आंबाबी पिकतो एवढ्यात."
प्रश्न पंधरा : गुन्हा?
"कोन्ता? मव्हा का आज्याचा?
आज्या रोज रातच्याला पाटलाकडं हजरी द्यायचा.
काई केलं म्हून न्हाई.
जल्मला म्हून."
चौकटी चारच होत्या.
मी 'इतर'वर खूण केली.

मग त्यानंच विचारलं,
"ताई, तुमी कव्हा सुटनार?"
कशातून?
"ह्याच्यातून." त्यानं कागदांकडं बोट केलं.
मार्चमध्ये, मी म्हणाले,
मुदतवाढ घ्यावी लागली नाही तर.
"मंजी तुमाला तारीक हाय."
थोडा वेळ गप्प बसला.
"तशा आमालाबी तारखा लई हायेत."

बसमत रोडच्या घरात अण्णा आता
फाटकाची कडी तीनदा तपासतात.
दिवेलागणीला दाराबाहेरच्या चपला मोजतात,
ओठातल्या ओठात, जोडी जोडीनं.
आई गेल्यापासून एक जोडी कमी भरते.
ते पुन्हा पहिल्यापासून मोजतात.
मी भाकरी थापता थापता मागून ऐकते
आणि मला कळतं की गिनती
आतल्या माणसांची कधी नव्हतीच नुसती.
(हे वाक्य सर खोडतील. पुरावा मागतील.)

आज विचारलं.
अण्णा, त्या पत्रात काय होतं?
"कोन्त्या?"
कोणत्या ते त्यांना ठाऊक होतं.
उठले. कडी बघून आले. पाणी प्यायले.
माठावर झाकण नीट बसवलं.
"म्हैस व्याली व्हती. रेडी झाली.
बाकी काई न्हवतं त्यात."

नंतर किती तरी वेळानं, अंधारात,
जणू वरिष्ठांपुढं जबाब देत असावेत तसे :
"आदी मारलं. मंग वाचलं.
रेडी झाली म्हनल्यावर
त्यो जास्तच रडाया लागला.
मारताना मला काय ठाव,
त्यात काय लिव्हलंय."

चुलीवर तवा धूर सोडायला लागला होता.
मी तो उतरवून ठेवला
आणि थांबले, सवयीनं.